करंट आहे, साहेब!

आमच्या सोसायटीत ओळख व्हायला फार वेळ लागतो. समोरच्या फ्लॅटमधले काका जिन्यात भेटले की माझ्याकडे न बघता पायऱ्या मोजत उतरायचे. मी कॉन्टेसा घेतली, ती गेटातच बंद पडली, मी बॉनेट उघडलं आणि मान वर करतो तर काका शेजारी उभे. अंगात बनियन, हातात स्क्रूड्रायव्हर.

"मिसिंग मारते का?" त्यांनी विचारलं.

काकांनी माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. उघड्या बॉनेटची ताकद मला त्या दिवशी कळली. रस्त्यात माणूस चक्कर येऊन पडला तर लोक घड्याळात बघत निघून जातात, पण बॉनेट उघडून उभा असलेला माणूस दिसला की ज्याला ऑफिसला उशीर झालेला असतो तोही स्कूटर स्टँडला लावतो. आत डोकावतो, एखादी वायर उगाच हलवून बघतो आणि पेट्रोल आहे ना, असं विचारतो. आपण हो म्हटलं की त्याला जरा वाईट वाटतं.

ज्यांनी कॉन्टेसा पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडा इतिहास. हिंदुस्तान मोटर्सनं ही गाडी १९८४ साली आणली. ती बंगालमधल्या उत्तरपाड्यात बनायची, २००२ साली थांबली. मूळ घडण विलायतेतल्या व्हॉक्सहॉल व्हीएक्सची, साडेचार मीटरहून लांब, बॉनेट एवढं सपाट आणि ऐसपैस की त्यावर चौघांची पानं मांडावीत. सुरुवातीला तिच्यात अँबॅसॅडरचं दीड लिटरचं इंजिन होतं, त्यामुळे धावणारी दिसायची पण धावायची नाही. मग इसुझुचं १.८ लिटरचं इंजिन आलं, पाच गिअर आले, आणि साधारण ८५-८८ अश्वशक्तीची 'क्लासिक' रस्त्यावर उतरली. पद्मिनीवाले चाळिशीतल्या अश्वशक्तीवर संसार करत होते, त्या काळातली ही गोष्ट. आज लोक ज्या गाडीतून मेथीची जुडी आणतात तिलाही तेवढीच ताकद असते, असं माझा भाचा मला अधूनमधून ऐकवतो. मी त्याला विचारतो, तुझ्या गाडीतून कधी मंत्री उतरलेला पाहिलास का? आमच्या लहानपणी कॉन्टेसातून एक तर मंत्री उतरायचा, नाही तर सिनेमातला स्मगलर. मोठेपणी या दोहोंपैकी एक व्हायचं मी ठरवून टाकलं होतं. नंतर बँकेत लागलो. गाडी तरी तीच घ्यावी म्हणून घेतली.

विकणारा म्हणाला, "एक रुपयाचं काम नाही गाडीत." शब्दशः खरं होतं, एका रुपयात होईल असं एकही काम तिच्यात नव्हतं. इंजिनला ठिणगी पुरवणारं सगळं सामान आधीच्या मालकांनी आळीपाळीनं बदललेलं. डेल्को, म्हणजे डिस्ट्रिब्यूटर, दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा. प्लगच्या वायरी दोन लाल, एक निळी, एक काळी. कॉइलवरचं लेबल उडालेलं, आणि ती बसवली होती एक्झॉस्टच्या अगदी शेजारी, कारण तिथं आयतं भोक होतं म्हणे. कंपनीनं घातलेलं काही शिल्लकच नव्हतं, त्यामुळे पुढच्या भानगडीत कंपनीला शिव्या घालायचीही सोय उरली नाही.

दुखणं असं होतं. सकाळी पहिल्या सेल्फला गाडी चालू. आवाज असा दमदार की पार्किंगमधल्या स्कूटरचे आरसे थरथरावेत. मी गॉगल लावायचो. कर्वे रस्त्यावरून दिमाखात निघायचो. अर्धा तास होत आला की एक झटका, मागून एक 'फट्', आणि इंजिन गप्प. मग ते अवजड धूड आपल्या वजनावर तरंगत तरंगत जिथं थांबू नये तिथं थांबायचं. सेल्फ मारला की घुर्र-घुर्र-घुर्र, पण पकडायची नाही. आणि काही वेळानं, काहीच झालं नव्हतं अशा थाटात, पुन्हा चालू! ही जी मधली वेळ, त्या वेळात जो कोणी जवळ असेल तो तिचा डॉक्टर.

पहिला इलाज एका रिक्षावाल्यानं केला. नळस्टॉपच्या चौकात तो आपण होऊन उतरला, प्लगची एक वायर उपसली, तिच्यात फुंकर मारली, शर्टाच्या टोकानं पुसली आणि परत खोचली. मग विडी ओढली. विडी संपल्यावर म्हणाला, "मारा आता सेल्फ." चालू! "कचरा होता, साहेब." पैसेही घेतले नाहीत. मी महिनाभर लोकांना सांगत होतो की पुण्यात खरं ज्ञान रिक्षावाल्यांकडे आहे.

पुढच्या वेळी स्वारगेटला बंद पडली, तेव्हा ट्रॅफिक हवालदारांनी आधी मला झापलं, मग लायसन्स बघितलं, मग कॉन्टेसा बघून विरघळले. "आमच्या साहेबांकडे होती पूर्वी," म्हणाले, आणि फुटपाथवरचा दगड घेऊन बॅटरीचे टर्मिनल ठोकले. साहेबांच्या दोन आठवणी सांगून झाल्यावर गाडी चालू. "टर्मिनल ठोकत जा मधून मधून."

कात्रजच्या चढावर मेहुणा बरोबर होता. त्यानं पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं, कान लावला आणि "हवा धरतीये," असं निदान केलं. झाकण उघडं ठेवून आम्ही दोघांनी कणसं खाल्ली. गाडी चालू! त्यानंतर जेजुरीला निघालो तेव्हा सासूबाई मागच्या सीटवर होत्या. त्यांना प्लग, टर्मिनल आणि हवा या तिन्ही गोष्टी मान्य नव्हत्या. "एवढी मोठी गाडी, दृष्ट नाही लागणार?" त्यांनी सासवडहून लिंबू आणायला मला पिटाळलं, गाडीभोवती फिरवलं, टाकलं, आणि मला म्हणाल्या, "फिरवा आता किल्ली." एका झटक्यात चालू. मेहुण्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

बँकेच्या डायरीत मागच्या पानावर मी हे सगळे इलाज टिपून ठेवत होतो. फुंकर, दगड, झाकण, लिंबू. एकाही इलाजाला अपयश नाही. एका आजारावर चार औषधं, चारही रामबाण! वैद्यकशास्त्राला हे कधी जमलं नाही, या विचारानं मला गुंगी यायची. फक्त एकच प्रश्न होता. बरी झालेली गाडी परत अर्ध्या तासानं आजारी का पडते? त्यावर रिक्षावाला म्हणाला असता, परत कचरा आला. सासूबाई म्हणाल्याच, "परत लागली."

अखेर काकांनी प्रकरण ताब्यात घेतलं. काका पिंपरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे सोसायटीत गच्चीच्या गळतीपासून गणपतीच्या आरासीपर्यंत त्यांचा शब्द शेवटचा. रविवारी सकाळी ते वही, टॉर्च आणि मखमली डबीतलं फिलर गेज घेऊन खाली आले.

"सिस्टिमॅटिक जाऊ या," ते म्हणाले. "इंजिनला काय लागतं? हवा, पेट्रोल आणि ठिणगी. बास!"

"आणि पैसा," तिसऱ्या मजल्यावरून आमची ही.

काकांनी दुर्लक्ष केलं आणि मला शिकवायला घेतलं. बॅटरी बारा व्होल्टची. बारा व्होल्टनं प्लगच्या फटीत ठिणगी पडत नाही. म्हणून कॉइल. तिच्या पोटात जाड तारेचे शे-दोनशे वेढे आणि केसाएवढ्या बारीक तारेचे हजारो. जाड तारेतला प्रवाह एकदम तोडला की बारीक तारेत पंधरा-वीस हजार व्होल्ट उसळतात. प्रवाह तोडायचं काम डेल्कोतल्या पॉइंटचं. पॉइंट जळू नये म्हणून कंडेन्सर. आणि ठिणगी कोणत्या सिलिंडरला द्यायची हे ठरवायला वरती गरगर फिरणारा रोटर. अमेरिकेतल्या डेटन गावच्या चार्ल्स केटरिंगनं शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ही रचना कॅडिलॅक गाड्यांसाठी केली आणि पुढं जगभरच्या गाड्या तिच्यावरच धावल्या, इथपर्यंत काका आले तेव्हा खाली दहा-बारा माणसं जमली होती. वॉचमननं खुर्ची आणली होती.

"चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल," काका म्हणाले, "तर हा पॉइंट किती वेळा उघडतो? मिनिटाला सहा हजार वेळा!"

मला पॉइंटबद्दल एकदम आदर वाटला. आमच्या काउंटरला मिनिटाला सहा शिक्के पडले तर संघटना निवेदन देते.

पॉइंटची फट ०.४ मिलिमीटर हवी, यावर काकांचा अर्धा तास गेला. फिलर गेजचं पातं घालायचे, डोळा मिटायचे, स्क्रू किंचित सैल करायचे, परत घालायचे. ते झाल्यावर चारही प्लग साफ करायचे ठरले. उत्साहाच्या भरात तळमजल्यावरच्या एका कार्यकर्त्यानं चारही वायरी एकदम उपसल्या आणि काचपेपरनं घासून चकाचक करून दाखवल्या.

"खुणा केल्या होत्यास का?" काकांनी विचारलं.

"कसल्या?"

चार वायरी चोवीस प्रकारे लावता येतात. त्यातला एकच बरोबर. काकांना फायरिंग ऑर्डर पाठ होती, एक-तीन-चार-दोन, पण एक कुठून धरायचा यावर मतभेद झाले. मतदान घ्यावं असंही कोणीतरी सुचवलं. शेवटी काकांच्या निर्णयानं वायरी बसल्या, मी सेल्फ मारला, आणि सायलेन्सरमधून असा बार उडाला की दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी "आलं का रे विसर्जन?" असं विचारलं. कबुतरं उडाली ती परत आली नाहीत. शेजारच्या सोसायटीतून फोन आला. वॉचमननं शिट्टी वाजवली, कोणासाठी ते त्यालाही सांगता येईना. मग दोन वायरींची अदलाबदल झाली, आणखी एक छोटा बार झाला, आणि तिसऱ्या खेपेला इंजिन गोड चालू झालं. टाळ्या पडल्या. काका वहीत लिहिते झाले. दुसऱ्या दिवशी म्हात्रे पुलावर गाडी बंद पडली.

आता उस्ताद. जुन्या गाड्यांचं दुखणं शहरात ज्यांना कळतं अशी चार माणसं उरली आहेत, त्यातला एक हा, असं मला तिघांनी सांगितलं होतं. बाकीचे तीन कोण याची नावं मिळाली नाहीत. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, तिच्यात अँबॅसॅडरचा सांगाडा, त्यात झोपलेलं मांजर. उस्तादांनी बॉनेट उघडायच्या आधी गाडीवर हात फिरवला, मग स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक इंजिनला लावून डोळे मिटले.

"काय ऐकू येतंय?" मी हळूच विचारलं.

"गाडी बंद आहे, साहेब. काय ऐकू येणार?"

काकांची ०.४ मिलिमीटरची फट त्यांना पसंत पडली नाही. त्यांनी खिशातून घासून पातळ केलेला हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा काढला, पॉइंटमध्ये घातला, स्क्रू आवळला. मी नंतर काकांचं फिलर गेज मागून आणून मापलं. बरोबर ०.४. हे मी दोघांनाही सांगितलं नाही, कारण दोघांनाही वाईट वाटलं असतं.

मग करंट तपासायचा ठरला. कॉइलमधून निघणारी मधली जाड वायर डेल्कोतून उपसायची, तिचं टोक इंजिनच्या लोखंडाजवळ धरायचं आणि सेल्फ मारायचा. ठिणगी निळी उडाली तर करंट जोरात, पिवळी उडाली तर मरतुकडा. उस्तादांनी वायर हातात घेतली त्याबरोबर त्यांचा बारक्या ग्राइंडरच्या मागे जाऊन उभा राहिला. एवढ्यावरून शहाण्या माणसानं काय ते ओळखलं असतं.

"साहेब, जरा धरा. मी सेल्फ मारतो."

"कुठं धरू?"

"रबरावर धरा. रबराला काय होत नाही."

रबराला काही झालं नाही. त्याला जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. मधोमध बारीक चीर होती आणि माझा अंगठा नेमका तिच्यावर होता. उस्तादांनी किल्ली फिरवली. पुढचं मला क्रमानं आठवत नाही. कोपरापर्यंत कोणीतरी हातोडी मारल्यासारखं झालं, तोंडातून बालपणानंतर कधी न आलेला आवाज निघाला आणि मी अँबॅसॅडरच्या सांगाड्यात बसलो होतो. मांजर बाहेर होतं.

उस्तादांनी खिडकीतून डोकं काढलं. चेहऱ्यावर समाधान.

"करंट आहे, साहेब!"

"आहे," मी म्हणालो.

"निळा होता का पिवळा?"

"निळा, पिवळा, हिरवा, सगळे होते."

"मग कॉइल एक नंबर. तसं पण कॉइल कधी जात नाही, साहेब. तिच्यात जायला हाय काय? डबा तो." उस्तादांनी कॉइलवर टिचकी मारली आणि तिला कायमचं निर्दोष सोडलं. त्या वेळी गाडी थंड होती, हे तिथल्या कोणाच्याच ध्यानात आलं नाही. माझ्या तर पुढचे दोन तास काहीच ध्यानात येत नव्हतं.

बाकीच्यांना मात्र शिक्षा झाली. पॉइंट, कंडेन्सर, रोटर, कॅप, चार प्लग, चारही वायरी, सगळं नवीन. यादी घेऊन मी नाना पेठेत गेलो. तिथं चार फुटी दुकानात छतापर्यंत खोकी असतात आणि मालकाला बसल्या जागी हात वर करून हवं ते खोकं सापडतं.

"गाडी?"

"कॉन्टेसा."

मालकानं चष्मा काढला. "चालू आहे?"

"कधी कधी."

"ओरिजिनल देऊ का लोकल?"

"ओरिजिनलच द्या."

"ओरिजिनल आता येत नाही."

"मग विचारलंत कशाला?"

"गिऱ्हाइकाला चॉइस द्यावा लागतो." त्यांनी एकेक वस्तू पेपरात गुंडाळली. "कॉइल?"

"कॉइल जात नसते," मी जाणकारासारखा म्हणालो.

मालकानं माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि काही न बोलता बिल केलं. डोक्यावर पाटी होती, 'इलेक्ट्रिक माल परत घेतला जाणार नाही'. 

सगळं नवं बसलं. गाडी पूर्वीपेक्षा सुरेख चालायला लागली आणि पूर्वीइतक्याच वेळानं बंद पडायला लागली.

मग भाचा आला. त्याच्याजवळ काडेपेटीएवढं एक यंत्र होतं, ते गाडीला लावलं की गाडीचं दुखणं मोबाईलवर उमटतं. तो ड्रायव्हरच्या पायाशी उलटा झोपला आणि टॉर्च मारून बराच वेळ शोधत राहिला.

"मामा, पोर्ट कुठंय?"

"कसलं?"

"जिथं हे लावायचं. कॉम्प्युटरचं."

"या गाडीत कॉम्प्युटर नाही."

तो हळूहळू बाहेर आला. "मग हिला कळतं कसं, कधी स्पार्क द्यायचा?"

मी त्याला केटरिंग, कॉइल, सहा हजार वेळा, सगळं सांगितलं. काकांच्याच शब्दात, काकांच्याच आवाजात. त्यानं ते यंत्र खिशात घातलं आणि म्हणाला, "मामा, विकून टाक."

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि काकांना नवी दिशा सापडली. ऑफिसातून येताना गाडी नेमकी गेटात बंद पडली. काका छत्री घेऊन हजर. "ओल! डेल्कोच्या कॅपमध्ये ओल धरलीये. करंट प्लगला जायच्या ऐवजी पाण्यावरून कॅपभर पळतोय." हे होतं खरं, पावसाळ्यात जुन्या गाड्यांना हा त्रास होतोच. उपाय म्हणून आमच्या हिचा हेअर ड्रायर आणायचं ठरलं. वरच्या गॅलरीतून एक्स्टेन्शन बोर्ड सोडला, तो पुरेना, त्याला दुसऱ्यांचा जोडला. वॉचमननं छत्री धरली. मी कॅपवर ड्रायर धरला, आणि शेजारीच कॉइल होती, तिलाही उदार मनानं शेकून काढलं. हात दुखला की काका धरत. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. कॅपमध्ये ओल सोडा, तिच्यावर पापड भाजून निघाला असता. सेल्फ मारला. घुर्र-घुर्र. काही नाही. पुन्हा शेकलं. काही नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींचा दिवा गेला, कारण बोर्ड त्यांच्या घरातून होता. रात्री आम्ही चौघांनी गाडी ढकलून आत लावली.

सकाळी पहिल्या सेल्फला चालू.

त्या सकाळी आमची ही डायरी उघडून बसली होती. म्हणजे माझी, इलाजांची. तिला हेअर ड्रायर मोडल्याची नोंद करायची होती.

"अहो, एक विचारू? फुंकर मारलीत, चालू झाली. दगड मारलात, चालू झाली. कणसं खाल्लीत, चालू झाली. आईनं लिंबू टाकलं, चालू झाली."

"हो. म्हणून तर..."

"आणि काहीच केलं नसतं तर?"

मी चहाचा कप खाली ठेवला. असा प्रयोग कोणी केलाच नव्हता. बॉनेट उघडल्यावर काहीच न करणारा माणूस अजून जन्माला यायचा होता.

"एकदाच चालू झाली नाही," ही पुढं म्हणाली, "ज्या दिवशी तुम्ही तिला गरम केलंत."

दोन ओळी. वही नाही, टॉर्च नाही, फिलर गेज नाही. मी जरा वेळ तिच्याकडे बघत राहिलो आणि मग, पुरुषांची परंपरा राखण्यासाठी, म्हणालो, "मला हेच वाटत होतं."

त्या रविवारी आम्ही दोघंच साताऱ्याच्या रस्त्याला लागलो. खेड शिवापूरच्या अलीकडे तिनं ठरल्याप्रमाणे झटका दिला. मी उतरलो. बॉनेट उघडलं. हात मागे बांधले आणि काहीच केलं नाही. आयुष्यात एवढं कठीण काम मी केलेलं नाही. एक टेम्पोवाला थांबला आणि "प्लग बघा" म्हणाला. एक दुचाकीवाला "पेट्रोल आहे ना?" म्हणाला. मी दोघांनाही काही न करण्याचा प्रयोग चालू आहे असं सांगितलं, तेव्हा टेम्पोवाल्यानं हिच्याकडे सहानुभूतीनं पाहिलं. कॉइलला बोट लावलं तर चटका बसला. हिनं पाण्याच्या बाटलीत नॅपकिन भिजवून कॉइलभोवती गुंडाळला. समोर टपरीवर चहा घेतला. नॅपकिन वाळत आला, किल्ली फिरवली, गाडी चालू!

कॉइलच्या पोटातली ती केसाएवढी तार कुठंतरी तुटत आली होती. तापली की टोकं दुरावायची, निवली की पुन्हा चिकटायची. म्हणून थंडपणी तपासलं तर करंट निळा, एक नंबर, माणूस सांगाड्यात फेकण्याइतका. नाना पेठेत मालकानं मला पाहताच हात वर करून खोकं काढलं. नावही विचारलं नाही. उस्तादांनी नवी कॉइल एक्झॉस्टपासून लांब, पुढं वाऱ्याच्या तोंडी बसवली, आणि जुनी काढून हातात तोलून बघत म्हणाले, "बोललो होतो ना साहेब, कॉइल बघा म्हणून."

काकांच्या वहीत पान क्रमांक दोनवर 'कॉइल?' असं लिहिलेलं निघालं. शाई जरा ताजी वाटली. हवालदार भेटले, त्यांचं म्हणणं टर्मिनल ठोकल्यामुळेच कॉइल इतके दिवस टिकली. सासूबाईंना आम्ही कॉइल बदलली हे सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "आणि लिंबू बांधलंत का नवीन?"

गाडी आता बंद पडत नाही. त्याचा तोटाही आहे. काका जिन्यात पुन्हा पायऱ्या मोजायला लागले आहेत.

जुनी कॉइल डिकीत पडून होती. उस्तादांनीच ठेवायला लावली होती, "असू द्या स्पेअरला" म्हणून. खराब वस्तू स्पेअरला ठेवायची म्हणजे काय हे मला कळलं नव्हतं, पण जुन्या गाडीवाल्यानं काही फेकायचं नसतं. परवा खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी एक पद्मिनी उभी दिसली. बॉनेट उघडं, भोवती सहा माणसं, पैकी एकाच्या हातात दगड. मी अर्थातच थांबलो. मालक घामाघूम झाले होते. त्यांच्या कॉइलनं पूर्ण मान टाकली होती, थंड करूनही हूं नाही की चूं नाही.

मी डिकीतून जुनी कॉइल काढून दिली. "एक सांगतो, ही अर्धा तासच चालते. मग थांबायचं, निवू द्यायची, ओला नॅपकिन ठेवायचा."

"अर्ध्या तासात घाट चढून होईल का?" त्यांनी विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आत दगडवाला पुढं झाला.

"चढायला पुरेल की! उतरायला कुठं कॉइल लागतीये?"